माझ्या लेकीचं हृदय, माझं तोंड

"आजाराचं नाव सांग," मी ओरडले. "मी डॉक्टर आहे असं समज."

"आई, अख्खी बोट ऐकतेय."

"ऐकू दे. नाव सांग."

दिघीहून सुटलेली फेरीबोट खाडीच्या मधोमध होती आणि इंजिनाच्या आवाजावर कडी करायची तर ओरडण्यावाचून इलाज नव्हता. माझा आवाज म्हणे आगरदांड्याच्या धक्क्यावर आमच्याआधी उतरला. लेक अठराची. पाळण्यात होती तेव्हाच तिचं हृदय उघडून शिवलेलं: आत भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. तेव्हापासून लहान मुलांच्या डॉक्टरांकडे आमच्या खेपा. या वेळी ते म्हणाले होते, आता मोठ्यांच्या विभागात जा, आणि तिथे तिचं तिने सांगायचं. आईने त्या वेळात काय करायचं, हे मात्र बोलले नाहीत.

"टेट्रालॉजी," लेक पुटपुटली.

"पुढे?"

"ऑफ फॅलो," शेजारची मासळीवाली म्हणाली. "वैनी, दिघीपास्नं तीन येळा ऐकलं मी. आता माजंच आपरेशन झाल्यागत वाटतंय."

ट्रकवाले हसले. लेकही हसली. मी कशाला हसू?

डॉक्टरांशी बोलायची माझी एक पद्धत आहे. बाहेर अर्धं कोकण रांगेत बसलेलं असतं. पोर बरी आहे म्हटलं की शर्टाचं बटण लावायच्या आत बाहेर काढतात. म्हणून ती जिना चढून दमली की मी किल्ला चढून दमली म्हणते. ओठ जरा फिके दिसले की जांभळासारखे काळे. आजवर या पोरीची तपासणी कुणी घाईत उरकलेली नाही, ती काय उगाच?

लेकीला पुण्याला शिकायला जायचं होतं. डॉक्टर हो म्हणाले तरच हॉस्टेल, असं घरात ठरलेलं.

मुंबईच्या इस्पितळातल्या नव्या डॉक्टरीणबाई लेकीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी तिला विचारलं, "काय त्रास होतो?"

"चार पावलं चालली की खाली बसते," मी म्हणाले. "रात्र रात्र उशाला टेकून काढते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "असं असेल तर हॉस्टेलचं राहू दे. आधी ॲडमिट करून घेऊ."

लेकीने माझ्याकडे बघितलं. वादळानंतर दिवेआगरात लोक आडव्या झालेल्या पोफळींकडे बघत होते, तसं.

"आई, तू बाहेर बस."

बाईंनी मान हलवली आणि मी बाहेर. दाराला कान लावला, पण ती दारं आयांचा विचार करूनच बनवलेली असावीत. सुताराला मी मनात काय काय म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही. तेवढ्या वेळात दिघीची बोट पलीकडे जाऊन परत आली असती, वाटेत बंद पडून.

शेवटी ती आली.

"काय सांगितलंस?"

"दोन जिने चढले की दम लागतो. झोप नीट लागते. कधी कधी धडधडतं, मग बसते. गोळी अधूनमधून विसरते."

"विसरतेस? मला कधी सांगितलं नाहीस."

"तुला सांगितलं असतं तर महिनाभर घेतलीच नाही असं झालं असतं."

"आणि हॉस्टेल?"

"हृदयाचा एको काढून, तो बघून ठरवतील. बहुतेक जा म्हणतील. गोळ्यांचं मात्र माझं मी बघायचं."

मी पिशवी उचलली, पाण्याची बाटली उचलली, उगाचच पदर झटकला.

"माझ्याबद्दल काही विचारलं?"

"नाही."