आटपाडीच्या गाडीची ओळ
काल फोनवर औषधाची गोळी घ्यायचा गजर वाजला आणि शिरवळच्या कारखान्यातलं ऑफिस आठवलं, प्रिंटरच्या रिबिनीच्या वासासकट. मालसाठ्याचा तक्ता आपोआप तयार करणारा जुना प्रोग्राम मी तिथं नव्या संगणकासाठी नव्या भाषेत लिहून काढत होते. मूळ प्रोग्राम लिहिणारे कारकून नोकरी सोडून आपल्या गावी, आटपाडीला गेले होते. एकेक ओळ बदलत शेवटाला आले, तर तिथं हिशेबाशी संबंध नसलेली एक ओळ निघाली. शनिवारचा तक्ता छापून झाला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांत यायचं, ‘आटपाडीची गाडी चुकंल, उठा!’ बिनकामाची म्हणून मी ती गाळणार, तेवढ्यात स्टोअरकीपर म्हणाले, “आवं म्याडम, ती न्हाई काढायची. आमी समदे तिच्यावरच घरी जायला उठतो. सायेबबी काय बोलत न्हाईत.” मी ती ठेवली. शनिवारी तक्ता बिनचूक छापला गेला, ओळ झळकली, आणि “चला गड्यांनो, गाडी आली!” म्हणत सगळे डबे उचलून हसत निघून गेले. माझं सांगलीचं घर आई गेल्यापासून बंदच होतं. पडद्यावरची ती ओळ पुसायला एक बटण दाबायचं होतं. मी बराच वेळ ते दाबलं नाही. कालही फोनवरचा गजर मी थोडा वेळ तसाच वाजू दिला.