तिसरं कोटेशन

दवाखान्याच्या तळमजल्यावर, कृत्रिम पाय तयार होतात त्या वर्कशॉपला लागून एक लांबट हॉल होता. त्यात दोन समांतर दांड्या, भिंतभर आरसा आणि कुठेच न पोचणारा एक लाकडी जिना होता. तीन पायऱ्या चढायच्या, तीन उतरायच्या, की झालं. तिथं एक फिजिओथेरपिस्ट नवे पाय बसवलेल्या माणसांना चालायला शिकवायची. "टाच आधी, मग पंजा. खाली बघू नका, आरशात बघा. पाय पळून जात नाही कुठं!" असं दिवसभर चालायचं. पेशंटांनी तिला चालवताई करून टाकलं होतं आणि आता डॉक्टरसुद्धा तेच म्हणायचे.

चालवताई हाताखालून गेलेला माणूस विसरत नसे. त्यातला एक बस ड्रायव्हर होता. साखरेच्या आजारात जखम चिघळली आणि गुडघ्याखालून पाय काढावा लागला. गडी मोठा रुबाबदार. इतरांना जे महिनाभर जमत नाही ते त्यानं आठवड्याभरात उचललं. जायच्या दिवशी हॉलमधून असा ऐटीत चालत गेला, की दांड्या धरून उभे असलेले बाकीचे पेशंट बघतच राहिले.

त्यानंतर तो तपासणीला आलाच नाही. एक दिवस त्याच्या बायकोचा फोन आला. "ताई, पाय कपाटावर ठेवलाय. वर टॉवेल टाकलाय. मला हात लावू देत नाहीत आणि स्वतःही लावत नाहीत."

कामावरून सुटल्यावर ताई त्यांच्या घरी गेली. ड्रायव्हर पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसला होता. ताईनं हॉलमधलाच खणखणीत आवाज लावला. "अहो दादा, हे काय? सगळ्यांत छान तुम्ही चालत होतात! अशी हिंमत सोडायची नाही हं."

"पाय छानच आहे, ताई," तो भिंतीकडे बघतच म्हणाला. "पण तो घालून जायचं कुठं?"

ताई बोलतच राहिली. संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत जायचं, मग चौकापर्यंत, रोज थोडं थोडं वाढवायचं. बोलताना तिचं तिलाच कळत होतं, की हे सगळं पायाबद्दल चाललंय आणि माणूस बाजूलाच राहिलाय. दारापर्यंत सोडायला आलेली बायको म्हणाली, "आलात, तेच खूप." त्या शब्दांनी ताईला आणखीच ओशाळं झालं.

दवाखान्यात समुपदेशक म्हणून एकच बाई होत्या. सगळे वॉर्ड त्यांच्या एकटीच्या गळ्यात. दुसऱ्या दिवशी ताईनं त्यांना गाठलं, तेव्हा त्या हातातला फायलींचा गठ्ठा टेबलावर टाकत म्हणाल्या, "मी कुठं कुठं पुरी पडू? तुझे पेशंट रोज तुझ्यासमोर असतात. तूच शिकून घे की. हल्ली समुपदेशनातलं एम.ए. घरबसल्या ऑनलाइन करता येतं. फक्त नीट बघून निवड. बाजार मांडलाय लोकांनी."

जेवताना ताईनं विषय काढला. नवरा शीतगृहात पाळ्या करायचा आणि बोलण्याच्या बाबतीतही तसा थंडच. "कर की," म्हणाला आणि ताटाकडे वळला. त्याच्या लेखी चर्चा संपली होती.

पण सासऱ्यांनी घास हातातच ठेवला. "किती ठिकाणची कोटेशनं मागवलीस?"

बाबा केबल कारखान्याच्या खरेदी विभागातून निवृत्त झालेले. टाचणीसुद्धा तीन कोटेशनांशिवाय घ्यायचे नाहीत, म्हणून कारखान्यात त्यांना कोटेशनराव म्हणत. सासूबाई गेल्यापासून मात्र त्यांचा आवाज घरात ऐकूच येईनासा झाला होता. पेपर दोनदा वाचायचे, कुंड्यांना गरजेपेक्षा जास्त पाणी घालायचे. आज कितीतरी दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत चमक दिसली.

"अजून कुठलीच नाही, बाबा."

"मग कसली निवडतेस? आण तो लॅपटॉप इकडे."

पुढचे काही दिवस जेवणाचं टेबल म्हणजे खरेदी विभागच झाला. पहिली संस्था ताईला मनातून आवडली होती. सगळी व्याख्यानं रेकॉर्ड केलेली, हवी तेव्हा बघायची, परीक्षेत चारांतला बरोबर पर्याय निवडायचा. कुणासमोर बोलायला नको, कुणी तोंड बघायला नको. वर्गात आपण सगळ्यांत थोराड असणार आणि विशीतली मुलं टपाटप उत्तरं देत असताना आपली बोबडी वळणार, याची तिला धास्ती होती.

बाबांनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडचा तरुण अगदी साखर घोळून बोलत होता. "सर, आजच प्रवेश घेतलात तर खास सवलत आहे."

"आणि उद्या घेतला तर ज्ञान कमी मिळतं का?"

"तसं नाही सर..."

"बरं, मला सांगा, माणसांशी बोलायचं शिक्षण आहे ना हे? मग शिकताना माणूस कुठं भेटणार?"

"सर, सगळं ॲपवर आहे."

बाबांनी फोन ठेवला आणि चष्म्यावरून सुनेकडे बघितलं. ती हिरमुसली. "पण बाबा, मला तेच जमेल. नोकरी आहे, घर आहे."

"जमेल गं. पण उपयोगी पडेल का?"

दुसरी संस्था बाबांच्या पसंतीची. नाव मोठं, माहितीपत्रक गुळगुळीत. त्यांना बाबांनी एकच प्रश्न विचारला, "ही पदवी घेतल्यावर समुपदेशक म्हणून काम करता येतं का? हो की नाही?" पलीकडच्या बाई म्हणाल्या, आमचे विद्यार्थी कुठं कुठं पोचलेत. बाबांनी पुन्हा विचारलं. त्या म्हणाल्या, आमच्याकडे परदेशातले तज्ज्ञ शिकवतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर फोन कुणा साहेबांकडे गेला आणि साहेब मीटिंगमध्ये निघाले. तरीही बाबांचं मन त्या नावावरून हलेना. "एवढी मोठी संस्था, काहीतरी असेलच," म्हणत राहिले.

तिसरं होतं एका जुन्या विद्यापीठातलं लहानसं खातं. वेबसाइट इतकी गबाळी, की बाबांनी ती उघडताच बंद केली होती. ताईनंच आपलं तिसरं हवं म्हणून फोन लावला. वाजून वाजून थकल्यावर एका प्राध्यापिकेनं स्वतः उचलला. बाबांनी नेहमीप्रमाणे ताबा घेतला. अभ्यासक्रम किती वर्षांचा, मान्यता आहे का, पत्र दाखवाल का? बाईंनी सगळं सरळ सांगितलं. आठवड्यातून दोन संध्याकाळी थेट वर्ग भरतात, कॅमेरा चालू ठेवून बसावं लागतं, एकमेकांवर सराव करावा लागतो. दुसऱ्या वर्षी जवळच्या एखाद्या दवाखान्यात अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. त्याशिवाय पदवी नाही. मान्यतेचं पत्र आजच पाठवते.

"आणि आता मला सांगा," त्या शेवटी म्हणाल्या, "प्रवेश तुम्हाला घ्यायचाय का?"

बाबांनी निमूटपणे फोन सुनेकडे दिला.

"अर्जाआधी एक काम आमच्याकडे सगळेच करतात," बाई ताईला म्हणाल्या. "घरातल्या किंवा ओळखीच्या एका माणसासमोर अर्धा तास बसा. ऐका. सल्ला द्यायचा नाही, धीर द्यायचा नाही, आपली गोष्ट सांगायची नाही. मग तुम्हाला काय काय बोलावंसं वाटत होतं, ते मला लिहून पाठवा."

एवढंच? ताईला वाटलं, हे तर सोपंय. प्रवेश तिथं घ्यायचा नव्हताच, पण बघू तरी, म्हणून रविवारी दुपारी तिनं बाबांनाच समोर बसवलं. नवरा कामावर होता, दुसरं होतंच कोण?

"माझ्याकडे काय आहे बोलायला?" बाबा म्हणाले.

"काहीही बोला."

बाबांनी कारखान्यातल्या तांब्याच्या तारेपासून सुरुवात केली. कुठल्या पुरवठादारानं कसं फसवायला बघितलं आणि आपण ते कसं हाणून पाडलं, ते सांगून झालं. मग थांबले. ताईच्या ओठांवर पुढचा प्रश्न आला होता. तिनं तो गिळला. गॅलरीतल्या दोरीवर वाळत घातलेला शर्ट वाऱ्यानं हलत होता. बाबा त्याच्याकडे बघत राहिले.

"ती घोरायची," ते एकदम म्हणाले. "मोठ्यांदा. आणि सकाळी उठून मलाच म्हणायची, रात्रभर काय घोरत होतात हो! इतकी वर्षं मी आळ घेतला अंगावर. आता शांत असतं सगळं. त्या शांततेनं झोप लागत नाही बघ मला."

ताईला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही. "बाबा, मनाला लावून घेऊ नका," हे वाक्य अगदी दातांपर्यंत आलं. तिनं हात मांडीवर घट्ट धरून ठेवले.

"तुम्ही दोघं चांगले आहात," बाबा म्हणाले. "मला त्रास होऊ नये म्हणून तिचा विषयच काढत नाही. चुकून निघालाच, तर तो टीव्हीचा आवाज वाढवतो आणि तू ओटा पुसायला लागतेस. मी बघतो ना सगळं. कधी कधी मला वाटतं, या घरात ती होती की नव्हती? की मी एकट्यानंच बघितली तिला?"

ओटा पुसायला लागतेस. ताईला ते लागलं, कारण ते शंभर टक्के खरं होतं. तसं नाही हो बाबा, असं म्हणायला ती अधीर झाली होती. पण ती फक्त बघत राहिली, त्यांच्याकडे, नजर न काढता. आणि बाबा बोलत राहिले. भाजी चिरताना ती कुठलं तरी बेसूर गाणं गुणगुणायची आणि विचारलं तर म्हणायची, मी कुठं गात होते! नव्या चपला घरातच घालून चार दिवस हिंडायची, चावू नयेत म्हणून. सांगताना ते दोनदा खळखळून हसले आणि एकदा चष्मा काढून शर्टाच्या टोकाला बराच वेळ पुसत बसले.

अर्धा तास केव्हाच उलटून गेला होता.

"तू काहीच बोलली नाहीस," ते शेवटी म्हणाले.

"बोलायचं नव्हतं."

बाबांनी मोठा श्वास सोडला. छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखे दिसत होते. "कुठल्या संस्थेचं हे? त्या गबाळ्या वेबसाइटवालीचं ना?"

"हो."

"माल खरा आहे. घे प्रवेश."

ताईनं प्राध्यापिकेला लिहून पाठवलं, की मला अर्ध्या तासात निदान वीस वेळा बोलावंसं वाटलं, आणि प्रत्येक वेळी ते समोरच्यासाठी नव्हतं. मला सहन होत नव्हतं म्हणून होतं. बाईंचं एका ओळीचं उत्तर आलं : वर्ग सोमवारी सुरू होतात.

त्याच आठवड्यात ती पुन्हा ड्रायव्हरकडे गेली. या वेळी पायाचं नावही काढलं नाही. खुर्ची ओढून बसली आणि त्यानं भिंतीकडे बघितलं तर बघू दिलं. बायकोनं चहा दिला, तो गार होत आला, तेव्हा कुठं तो बोलला.

"ज्या बसमध्ये मी स्टिअरिंगवर बसायचो, ताई, त्याच बसमध्ये चढलो की कंडक्टर कुणाला तरी उठवणार आणि मला अपंगांच्या जागेवर बसवणार. माझाच मित्र असेल तो. प्रेमानं बसवेल. तेच मला नको आहे."

"हं," ताई म्हणाली.

त्या दिवशी त्यानं पाय घातला नाही. पुढच्या खेपेलाही नाही. मग एका सकाळी तो हॉलच्या बाकावर येऊन बसलेला दिसला, दोन्ही बूट चकचकीत. चालायचं नाही, नुसता बसतो म्हणाला. बसमध्ये तो आजही चढत नाही. पण डेपोच्या फाटकापर्यंत चालत जातो, जुन्या मंडळींशी गप्पा हाणतो आणि चालतच परत येतो.

ताईचा अभ्यास काही सुरळीत झाला नाही. कॅमेऱ्यासमोर पहिल्या दिवशी तिला स्वतःचं नावसुद्धा धड सांगता आलं नाही. वर्गात थोराड तीच होती, पण मुलं तिला सरावाची जोडीदार म्हणून आधी मागायची. पहिला निबंध परत आला तो समासात लाल अक्षरांनी भरून, "तुम्ही फार लवकर धीर देता." तिनं ते वाचून दाखवल्यावर नवरा म्हणाला, "हे मी लग्न झाल्यापासून सांगतोय," आणि मग स्वतःच इतका हसला, की बाबा आतून बघायला आले. एका सत्रात तर तिनं सोडूनच द्यायचं ठरवलं होतं. पण वर्गाच्या संध्याकाळी बाबा साडेसहाला कुकर लावून, टीव्ही बंद करून, तिच्या खुर्चीशी पाण्याचा ग्लास ठेवून मोकळे व्हायचे. त्यांच्यासमोर सोडते म्हणायचा धीर तिला झाला नाही.

दुसऱ्या वर्षी दवाखान्यातल्या त्याच समुपदेशक बाईंच्या देखरेखीखाली तिला खोली मिळाली. दोन खुर्च्या, एक खिडकी आणि दारावर "आत काम चालू आहे" अशी पाटी. पहिल्या दिवशी तिनं पेशंटला आत घेऊन दार लावलं. बाहेर आली तेव्हा बाईंनी नुसतं विचारलं, "कशी आहेस?" आणि ताईच्या लक्षात आलं, की हा प्रश्न आज पहिल्यांदाच कुणीतरी उत्तर ऐकायला विचारलाय.

घरी आली तर बाबा दारातच उभे.

"झालं? कोण आलं होतं? काय म्हणालं?"

"बाबा, ते सांगता येत नाही. गोपनीय असतं."

"हो, हो. बरोबर आहे. नकोच सांगू." ते मागे मागे स्वयंपाकघरापर्यंत आले. तिनं पर्स ठेवली, हात धुतले. ते ओट्याला टेकून उभेच. "मी काही विचारत नाहीये. नियम म्हणजे नियम." त्यांनी ओट्यावरचा कप उगाच सरळ केला. "पण बाई होती की बुवा, एवढं तरी?"

"बाबा!"

"बरं बाई, राहिलं," म्हणत त्यांनी चहाचं आधण ठेवलं आणि साखरेचा डबा तिच्याकडे सरकवला.