हुकूमशहाचा बंकर बघायला निघालो, गावाने आम्हाला गावभर फिरवलं

आधीच सांगून ठेवते, या पोस्टमध्ये गावाचं नाव नाही. पालमच्या पुढचं एक गाव, एवढ्यावर भागवा. लोकेशन टाका म्हणून खाली विचारलंत तरी टाकणार नाही.

सगळा दोष त्या व्हिडिओचा. "मराठवाड्यातल्या हुकूमशहाचा गुप्त भूमिगत बंकर" असं लाल अक्षरांत लिहिलेलं, मागे ढणढण संगीत, आणि एक तरुण कुजबुजत एका अंधाऱ्या खड्ड्यावर बॅटरी मारतोय. नणंदेने तो घरच्या ग्रुपवर टाकला. मी बारवा, गढ्या, पडक्या वेशी बघत हिंडणारी बाई, त्यामुळे मला मोह होणं साहजिक होतं. पण तो व्हिडिओ घरात सगळ्यांत जास्त वेळा पाहिला अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. ऐंशी ओलांडली आहे त्यांनी, तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेत, आणि मोबाइलला हात लावायचा त्यांना कंटाळा.

दोन दिवसांनी म्हणाले, "मला तिथं नेलीस तर बरं हुईल. माणिकदादा तिथंच गेलाय."

माणिकदादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. निजामी राजवटीच्या शेवटच्या दिवसांत पालमकडच्या त्या पाचसहा गावांवर एका माणसाचं राज्य चालायचं. बंदूकवाले बाळगून होता. लग्नात वाजंत्री वाजवायची का नाही, रात्री दिवा कुठवर जळू द्यायचा, सगळं तो ठरवणार. हिंदू म्हणू नका, मुसलमान म्हणू नका, ज्याने मान वर केली त्याचं घर बसलं. भारताचं लष्कर येणार, विमानांतून बॉम्ब पडणार, अशी आवई उठल्यावर त्याने स्वतःसाठी जमिनीखाली खोल्या खणून घ्यायला सुरुवात केली. त्यासाठी लांबलांबच्या गावांतून पोरं वेठीला धरून नेली. आमच्या पोखर्णीहून माणिक गेला. मिसरूड फुटायचं होतं. तो परत आला नाही, मेल्याचा निरोपही आला नाही. अण्णा तेव्हा इतके लहान की त्यांना भावाचा चेहरा आठवत नाही.

अण्णांना त्या जागेची मूठभर माती हवी होती, गंगाखेडला गोदावरीत सोडायला. माणसाचं काहीच झालेलं नाही, ते व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं. मी हो म्हटलं. एप्रिल संपत आला होता, परभणीत सकाळी नऊलाच डांबर मऊ पडतं, आणि मी हो म्हटलं. तुम्ही हिवाळ्यात जा.

परभणीहून गंगाखेडमार्गे पालम, एसटीने. बायकांना अर्धं तिकीट आणि अण्णांना फुकट, त्यामुळे खर्चाची बाजू भक्कम होती. बाकी सगळी डळमळीत. गाडी उशिरा आली, खिडकीची काच खाली ओढली की वर जाईना आणि वर नेली की खाली येईना. पोखर्णीच्या फाट्यावर अण्णांनी नरसिंहाला बसल्या जागेवरून हात जोडले. पालमच्या स्टँडबाहेर गरम भजी आणि चहा घेतला, भजी खरंच चांगली होती, या प्रवासातली ती एकमेव सरळ गोष्ट. पुढे ऑटो. रस्ता आहे म्हणतात. मला तो दिसला नाही.

गावाच्या फाट्यावर चहाची टपरी. मी आपलं थेट विचारणार होते, पण अण्णांसारखी माणसं पत्ता विचारायच्या आधी स्वतःचा पत्ता सांगतात. गाव कोणतं, कुणाचे, कशासाठी आलो. ते झाल्याशिवाय प्रश्न तोंडातून निघत नाही.

"आमी पोखर्णीचे," अण्णांनी सुरू केलं. "माझा थोरला भाऊ इथं वेठीला आणलता, पोरगंच होतं. ते जमिनीखालच्या खोल्या खणायलते तवा. ती जागा बगायची हाय."

टपरीवाला तिशीतला असेल. चहा गाळता गाळता थांबला. मग म्हणाला, "गढीवर जावा. तिथंच हाय म्हणतेत." चहाचे पैसे काही केल्या घेतले नाहीत. किती चांगली माणसं, असं मी तेव्हा म्हटलं.

गढीवर बंकर नव्हता. एक पाण्याची टाकी होती, तिच्या सावलीत शेळ्या, आणि इस्माईलचाचा नावाचे म्हातारे बाजेचं सुंभ ताणत बसलेले. अण्णांची पुन्हा तीच प्रस्तावना. चाचांनी सुंभ सोडलं, अण्णांना हाताला धरून सावलीत बसवलं, घरातून गूळपाणी मागवलं. त्यांच्याही चुलत्याला त्या माणसाने चाबकाने फोडलं होतं, ते सांगितलं. सगळं सांगितलं. जागा सोडून.

"इथं कायबी न्हाई हो. नाल्याच्या पल्याड, मळ्यात बगा."

नाल्याच्या पलीकडे ऊस. बांधावरच्या माणसाने अण्णांची कहाणी ऐकून डोक्याचं मुंडासं काढलं, लांबवर एका टेकडीकडे बोट केलं. तिथे जाऊन बघतो तर मुरुमाची खाण. कोणीतरी रस्त्यासाठी मुरूम उकरून नेलेला, तळाला प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक मेलेलं टायर. मी मोबाइल काढून व्हिडिओ पुन्हा लावला. तोच खड्डा. तेच टायर, फक्त त्या पठ्ठ्याने ते अंधारात ठेवलं होतं. म्हणजे त्यालाही गावाने इथेच आणून सोडलं होतं, आणि तो बिचारा कुजबुजून मोकळा झाला.

माझं डोकं फिरलं ते तिथे. एवढंसं गाव, प्रत्येकाच्या डोळ्यांत माया, आणि एकालाही दिशा सांगता येत नाही. अण्णांच्या पायांत गोळे आले होते. मी म्हटलं, अण्णा, कुठलीही माती घ्या, गोदावरी काय तपासून घेणार आहे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं गिळलं.

उन्हं कलली तेव्हा गावात परत आलो. एका लिंबाखाली अण्णा दगडावर टेकले. शेजारी गावाचा उकिरडा. खत नुकतंच गाड्या भरभरून शेतांत गेलेलं, त्यामुळे ती जागा जवळपास मोकळी, बशीसारखी खोलगट. वास मात्र कुठेही गेला नव्हता. मी नाकाला पदर लावून पालमच्या पुढे यायची कल्पना कुणाची, यावर विचार करत होते.

डोक्यावर शेणाची पाटी घेऊन एक म्हातारी आली. अण्णांना बघून थबकली. पाटी न टाकताच माघारी वळली, आणि थोड्या वेळाने मोकळ्या हाताने परत आली.

"दादा, तिथं नका बसू. माझ्या वसरीत चला."

"बसू द्या माय घडीभर," अण्णा म्हणाले.

"नका बसू म्हणलं की."

इथे माझा तोल गेला. मी म्हटलं, "मग बसायचं कुठं बाई? सकाळपासून गढीवर पाठवलं, मळ्यात पाठवलं, टेकडीवर चढवलं. म्हातारा माणूस आहे. चहा पाजता, गूळ देता, आणि जागा तेवढी दाखवत नाही. नसेल सांगायची तर नाही म्हणा ना सरळ."

म्हातारी खाली बसली. सोजराबाई तिचं नाव, ते नंतर कळलं. जमिनीकडे बघत म्हणाली, "कुठं पाठवावं तुमाला. हीच हाय ती जागा."

मग तिने सांगितलं. त्या माणसाला खोल्या खणायची घाई होती, म्हणून त्याने गावाची तीन पेवं घेतली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पेव म्हणजे ज्वारी साठवायचा जमिनीखालचा खोल रांजणासारखा खड्डा, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं. आतली हवा कोंडून विषारी होते. म्हणून पेव उघडलं की रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी दोराने कंदील सोडायचा, तो विझला नाही तरच माणूस सोडायचा. इकडे शेतकऱ्याच्या घरात हे लहान पोरालाही ठाऊक असायचं. पहिली दोन पेवं रिकामी करून त्यांच्या मधली भिंत फोडली. तिसरं उघडलं त्या दिवशी त्या माणसाला थांबवेना.

"लोकं म्हणले, सरकार, उद्या. तो म्हणला, आत्ता. पोखर्णीचं पोरगं हलकं होतं, त्येला सोडलं. दोर ढिला पडला. वर काढाया आजून एक जण उतरायलता, तर त्येच्यावर बंदूक रोखली. जाईल ते जाईल म्हणला, तोंड बुजवा."

विमानं आली नाहीत. लष्कर गावात पोचायच्या आधी तो माणूस जो निघून गेला तो गेलाच, एक रात्रही त्या खोल्यांत झोपला नाही. गावाने सगळं बुजवलं आणि वर उकिरडा केला. कुणी तिथे ओटा बांधू नये, दिवा लावू नये, त्याची आठवण म्हणून बोट दाखवू नये, रोज त्याच्या नावाने शेणाची पाटी पडावी, एवढ्यासाठी.

"त्येच्यावर टाकायचं म्हणून टाकत आलाव आमी," सोजराबाई म्हणाली. "पर खाली तुमचं बी होतं की. गावात समद्यास्नी ठाव हाय कुणाचं तरी लेकरू हाय म्हणून. कुणाचं, ते न्हवतं ठाव. आज तुमी सांगत आलाव, भाऊ माझा, भाऊ माझा. आता कुणी कोणत्या तोंडानं म्हणावं, या, हितं हाय, शेणाखाली."

अण्णांची ती प्रस्तावनाच आम्हाला दिवसभर नडली होती. नुसता बंकर विचारला असता तर त्या व्हिडिओवाल्यासारखे थेट मुरुमाच्या खाणीवर जाऊन मोकळे झालो असतो. मला राग यायला हवा होता आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

अण्णांनी विचारलं, "दोर कुणाच्या हातात होता?"

सोजराबाईने पदर तोंडाशी नेला. "माझ्या बाच्या. ग्यानबा नाव. उतरायलता तो बी त्योच. गावात कुणी बोलत न्हाई, मी तर न्हाईच बोलले कधी."

"हळू सोडलता का?"

"हळू सोडलता. मरूस्तोवर सांगायचा. पोरगं भेलतं लय. म्हणला, भिऊ नगं, दोर माझ्या हातात हाय."

ती उठली, घरातून खुरपं आणलं, त्या खोलगट जागेच्या मधोमध जाऊन वरचं काळं खरवडून खालची पांढरी माती काढली. ठेवायला काही नव्हतं. माझ्या दशम्यांचा स्टीलचा डबा गेला. निघताना ती अण्णांना म्हणाली, "उद्यापासून माझी पाटी पल्याड पडंल. बाकीच्यास्नी बी सांगते. मग बाचं बी सांगावं लागंल." ते सांगणं तिला किती जड जाणार होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

गंगाखेडला पोचलो तर दिवेलागण झालेली. घाटावरचे गुरुजी म्हणाले, ही वेळ नव्हे, सकाळी या. झालं, परत परभणी. घरी आलो तर अशी माती उंबऱ्याच्या आत न्यायची नाही, म्हणून डबा फडक्यात बांधून फाटकाजवळच्या शेवग्याला टांगला आणि मांजर जाईल म्हणून मी रात्रभर कान देऊन पडले. सकाळी पुन्हा एसटी, आणि पुन्हा तीच न चढणारी काच.

उन्हाळ्यात गंगाखेडच्या घाटावर पाणी पायऱ्या सोडून लांब जातं. चिखलातून चालत गेलो. गुरुजींनी भरभर नाव, गोत्र, नातं विचारलं. अण्णांनी सांगितलं, माती सोडली, पाणी दिलं. मी चपला शोधायला वळले, तर अण्णा म्हणाले, "आजून एक वंजळ. नाव ग्यानबा."

"गोत्र?"

"ठाव न्हाई."

"मग कश्यप म्हणू. नातं?"

मागे दोन कुटुंबं खोळंबलेली, गुरुजी घाईत. "काका, नात्याशिवाय पाणी सोडता येत नाही. काय लावू?"

"भाऊच लावा," अण्णा म्हणाले.

घरी येऊन मी हिशोब मांडायला बसले, काय पाहिलं याचा. बंकर नाही, भिंत नाही, फोटो काढावा असं काही नाही. एक खोलगट जागा, जी पुढच्या वर्षी कदाचित तीही नसेल. दोन दिवस, पाच एसट्या, लागलेलं ऊन, आणि एक डबा. नवरा म्हणाला, मग लिहिणार काय? मी म्हटलं, तेच कळत नाहीये.

संध्याकाळी अण्णा अंगणात बसलेले. मी तापूनच विचारलं, ज्याने माणिकदादाला खाली सोडलं त्याला भाऊ म्हणायचं मनात कसं आलं तुमच्या.

त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "आई जाईस्तोवर रोज एकच इचारायची मला," ते म्हणाले. "म्हणायची, माझ्या माणिकपशी शेवटाला कोण होतं रं? मी काय सांगणार. आता ठाव हाय. कुणीतरी होतं."