भुवईवरची खूण

माझे डोळे अधू झाले ते निगेटिव्ह ठेवायच्या, मागून उजेड येणाऱ्या काचेवरच. नवऱ्याची केंद्र सरकारी नोकरी, बदली चंडीगडला. घरात बसून करायचं काय, म्हणून मी एका स्टुडिओत निगेटिव्हचं टचिंग करायला लागले. काम सांगलीला वडिलांच्या स्टुडिओत शिकले होते. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. काळा तीळ पारदर्शक ठिपका दिसतो, तो टोकदार पेन्सिलीने भरायचा. फिकट व्रण काळा दिसतो, तो पात्याने खरवडायचा. पेन्सिल पुसता येते, खरवडलेलं मात्र कायमचं जातं.

स्थळासाठी दाखवायचा फोटो असला की मला चेवच यायचा. देवीचे वण, मुरमं, सगळं साफ! नवरा म्हणायचा, "तुझ्या हाताखालून गेलं की गाढवसुद्धा घोडीवर बसेल."

पंजाबात अतिरेक्यांचे, वाईट दिवस होते. बसमधून उतरवून माणसं मारल्याच्या बातम्या, नाक्यानाक्यावर झडत्या, दिवेलागणीला दुकानं बंद. अहो, भीतीचासुद्धा कंटाळा येतो. मला आला होता.

एका सकाळी जवळच्या खरड गावाकडचे एक वयस्क सरदारजी आले. त्यांच्या मुलाचा स्थळासाठीचा फोटो आमच्याकडेच काढलेला. तो मुलगा तीन आठवड्यांपूर्वी बसने गेला, तो परतलाच नव्हता. पोलिसांनी उचलला की दुसऱ्या कुणी, काही कळत नव्हतं. ठाण्यांत, इस्पितळांत दाखवायला त्यांना दहा कॉप्या हव्या होत्या.

फोटो माझ्यापुढे धरून ते म्हणाले, "बीबीजी, भौंह पर कट का निशान था. इसमें तो है ही नहीं. लोग उसी से पहचानेंगे."

निगेटिव्ह काढून बघितली. डाव्या भुवईत पात्याचे ओरखडे, माझेच. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! कुणी सांगितलं होतं मला ती भुवई भरायला? घरचे बाकीचे फोटो तो व्रण पडायच्या आधीचे होते.

छापलेल्या कागदावर पात्याच्या टोकाने पांढरी रेघ ओढता येते. कुठे होता, केवढा होता, मी विचारलं. त्यांनी आपल्याच भुवईवर बोट ठेवलं, मग जरा सरकवलं. "इतना... नहीं, थोड़ा और." आणि माझ्याकडेच बघत राहिले. तो व्रण भिंगाखाली निरखलेली मीच ना! पण मला आठवेना. शेकडो चेहरे खरवडले, कुठला लक्षात राहणार? अंदाजाने लांब, तिरकी रेघ ओढली. दहा कॉप्यांवर, दहा वेळा.

"बस, यही है," म्हणाले आणि रडले. मीही रडले.

दीड महिन्याने ते पुन्हा आले. लांबच्या एका ठाण्यात बेवारस म्हणून जाळलेल्या एका मुलाचा फोटो त्यांनी हातापाया पडून मिळवला होता. चेहरा सुजलेला, ओळखू न येणारा. डाव्या भुवईत व्रण. त्यांनी माझी कॉपी त्याच्याशेजारी ठेवली आणि बोटाने मापून दाखवलं. तिथला व्रण आखूड होता, सरळ होता.

"देखो बीबीजी, हमारे वाले का तो लंबा है. ये कोई और है." कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या होत्या. "आपने तो असली निशान देखा था. पक्का है ना?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं.

"हां जी," मी म्हटलं, "पक्का."