दुसऱ्या लेनची वेळ

पोहण्याच्या बाबतीत मी आयुष्यभर जेवढ्या थापा मारल्या, तेवढं पाणी कृष्णेला पुरातसुद्धा येत नसेल. कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपात डब्याच्या सुट्टीत मी तो पूर आडवा कापलाय, उलटा कापलाय, एकदा तर पाठीवर शेळी घेऊन. कुणी शंका काढली, तर वाटेत तिची धारही काढलीय. इतकं वीस वर्षं ऐकल्यावर सोबत्यांनी काय करावं? चाळिशीपुढच्यांच्या पोहण्याच्या जिल्हा स्पर्धेत परस्पर माझं नाव घातलं. पन्नास मीटर फ्रीस्टाईल.

"आता बगूच की गड्या," लेथवरचा म्हणाला. "आमी सगळी येतो टाळ्या वाजवाय."

नाही म्हणावं, तर वीस वर्षांची अब्रू एका दुपारी जाते.

आता खरं सांगतो. पोहता येतं मला. कुंडलला मळ्यातल्या विहिरीत शिकलो. पण आमच्याकडं पोराला विहिरीत ढकलायच्या आधी हात-पाय मारायला शिकवत नसत. पहिला धडा एकच, डोकं वर. विहिरीच्या तळाशी आसरा, पाण्यातल्या बाया, राहतात. चुलता म्हणायचा, "तू खाली बगितलंस रं बगितलंस, की ती वर बगती." त्यामुळं आमचं अख्खं गाव म्हशीसारखं पोहतं, नाक आभाळाला लावून.

सांगलीच्या जलतरण तलावावर शिकवायला एक मुलगी होती. माझ्या पुतणीच्या वयाची, गळ्यात शिट्टी. पहिल्या दिवशी तिनं मला एक फेरी मारू दिली आणि म्हणाली, "काका, तुम्ही पोहत नाही. तुम्ही डोक्याची मिरवणूक काढताय."

मग तिनं मुळापासून सुरुवात केली. डोकं वर धरलं की कंबर बुडते, कंबर बुडली की पाय नांगरासारखे ओढत जातात. तोंड पाण्यात ठेवायचं. श्वास पाण्यात सोडायचा, घेताना मान उचलायची नाही, कुशीला वळवायची, एक कान पाण्यातच. पाय गुडघ्यातून नाही, मांडीतून हलवायचे. आणि नजर तळाच्या काळ्या पट्टीवर.

"खाली बघायलाच पाहिजे का?" मी विचारलं.

"मग काय आभाळात बघणार, काका?"

आठवडाभर मी डोळे मिटून पोहलो आणि दोन म्हाताऱ्यांना धडकलो. आठव्या दिवशी उघडले. निळ्या फरश्या, काळी पट्टी आणि पट्टीवर माझी सावली. एवढंच. मी स्वतःलाच हसलो.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. उन्हाचा पत्ता नाही. सावली होतीच.

उथळ पाण्यात मी पाय टेकून उभा राहिलो. सावली थांबली नाही. शांतपणे हात मारत भिंतीपर्यंत गेली आणि तिथं राहिली.

मी सांगितलं, तेव्हा ती मुलगी म्हणाली, "काका, गॉगल घट्ट करा." शेळीची गोष्ट तोवर तलावावरही पोचली होती ना. पण थाप तोंडात आली की तिची चव मला कळते, जन्म त्यात गेलाय. ह्याला ती चव नव्हती.

पुढं ती सावली रोज असायची. अर्धा हात मागं. माझे पाय सुधारले तसे तिचेही सुधारले. मी श्वासासाठी तोंड कुशीला वळवायचो, तेव्हा तीही वळवायची. फक्त कुशीला नाही. वर, माझ्याकडं.

सोडून द्यावं असं रोज वाटायचं आणि रोज लेथवरचा विचारायचा, "तयारी कुठवर?"

स्पर्धा रविवारी दुपारी होती. आम्ही पाच जण, मी दुसऱ्या लेनमध्ये. पहिले तिघे राज्य स्पर्धेला जाणार होते. काठावर अख्खं वर्कशॉप बोंबलत होतं. शिट्टी झाली, उडी मारली. पंचवीस मीटर गेलो, भिंतीला हात लावून वळलो. दोघं केव्हाच पुढं निघून गेले होते. तिसऱ्या लेनमधला एक डॉक्टर आणि मी, असे बरोबरीनं येत होतो. शेवटच्या दहा मीटरला माझा भाता फुटला. डॉक्टर निघाला पुढं.

तेव्हा ती माझ्या पोटाखालून सरकली. आजवर मागं असलेली ती पहिल्यांदा पुढं गेली. मला भिंत गाठायला अजून तीन हात मारायचे होते आणि वर लोक ओरडायला लागले होते.

मी पोचलो, डोकं वर काढलं. माझ्या लेनवर वेळ घ्यायला बसलेले निवृत्त मास्तर घड्याळ केव्हाच दाबून आकडा लिहीत होते. मी तिसरा. डॉक्टर चौथा.

मास्तर वाकून हळूच म्हणाले, "अहो, हातातली बांगडी काढून उतरत जा. नवसाची असेल, तरी स्पर्धेत चालत नाही. मी तक्रार केली नाही एवढंच."

मी दोन्ही मनगटं पाण्याबाहेर काढून त्यांच्यापुढं धरली. मास्तरांनी ती बघितली. मग पाण्याकडं बघितलं. मग खुर्ची दोन पावलं मागं घेतली.

ओल्या अंगानं मी टेबलाशी गेलो. म्हणालो, "दुसऱ्या लेनची वेळ माझी नाही. डॉक्टरांना पाठवा." पंच म्हणाले, चांगल्या वेळेबद्दल तक्रार करणारा माणूस आजवर बघितला नव्हता. पण मास्तरांनी खाली मान घालून 'बरोबर आहे' म्हटलं आणि माझं नाव खोडलं गेलं.

सोमवारी डब्याला बसलो आणि सगळ्यांना सांगितलं. मी चौथा आलो. आधी लागला तो हात माझा नव्हता, त्यात बांगडी होती.

 मग लेथवरच्यानं मांडीवर थाप मारली. "आयला! आमी डोळ्यांनी बगितलं तुला हात लावताना. पर वीस वर्सांत एवढी भारी सोडली न्हवतीस!"

सगळी पोटं धरून हसत होती. पुन्हा सांग, पुन्हा सांग म्हणत होती. माझी अब्रू वाचली होती, उलट वाढलीच होती. मी भाकरी मोडली आणि पुन्हा सांगितलं, एक शब्दही न वाढवता.