रुमालाखालचा हात

माझ्या व्याह्यांनी उभ्या आयुष्यात एकाच माणसावर विश्वास ठेवला, आणि तो वकील होता. हे वाचून वालूरची माणसे हसतील, कारण वालूरात सूर्य उगवला असे कोणी सांगितले, तरी व्याही आधी "कुनी पायला?" असे विचारत. पोस्टमनने दिलेले पाकीट ते उजेडात धरून, वाटेत कोणी उघडले होते काय ते पाहत. सेलूच्या स्टेशनवर गाडीची वेळ तीन हमालांना वेगवेगळी विचारत, आणि तिघांचे उत्तर सारखे आले की तिघांनी संगनमत केले असे मानून दोन तास आधी फलाटावर जाऊन बसत. आमच्याकडच्या भुसार अडतीत त्या काळी घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. मानवतच्या भर बाजारात तो रुमाल उचलून "काय चाललंय आत, दावा" म्हणणारा माणूस मी एकच पाहिला.

मीही तपासणीतून सुटलो नव्हतो. मी कचेरीत अव्वल कारकून असताना एक अनोळखी गृहस्थ उत्पन्नाचा दाखला मागायला आले आणि खाली वाकून म्हणाले, "साहेब, चहापाण्याचं कसं करायचं?" मी त्यांना शिपायाकरवी बाहेर काढले. आठ दिवसांनी तेच गृहस्थ आपल्या मुलीचे स्थळ घेऊन माझ्या ओसरीवर बसले होते. "तवा बाहीर काढलं म्हनून आज आत आलो," एवढेच बोलले. लग्न झाले. सून उत्तम निघाली. तिच्यात वडिलांचा संशय अजिबात नाही. आम्ही तिला फितवले, असे ते म्हणत.

व्याही सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. विद्यापीठाच्या नामांतराचे आंदोलन चालू होते त्या वर्षांतील एका हंगामात मशीनच्या पट्ट्यात त्यांचा उजवा हात सापडला. अंगठा आणि तीन बोटे गेली. करंगळी तेवढी राहिली. ते दवाखान्यातून घरी येतात तोच मॅनेजर कागद घेऊन हजर झाला. पट्ट्यावरची जाळी आपणच काढून ठेवली होती, सबब चूक आपली, असे त्यात लिहिले होते. सही केल्यास राखणदाराची नोकरी. व्याह्यांचे शिक्षण निजामाच्या काळातले, उर्दूतले. मराठी ते अक्षर लावून वाचत. त्या अर्ध्या पानाला त्यांनी अख्खी सकाळ दिली आणि मग कागद डाव्या हाताने परत केला. त्या मशीनवर जाळी कधी नव्हतीच. हात गेल्याचे ते कधी बोलले नाहीत. जाळीचे मात्र रोज बोलत.

नुकसानभरपाईचा दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा लागतो, आणि मालकाच्या वकिलापुढे एकट्याने उभे राहण्यात शहाणपण नाही, हे मी त्यांना पहिल्याच महिन्यात सांगितले.

"दोन वरसाची मुदत कुनी ठरिवली?"

"कायद्याने."

"आन् कायदा कुनी केला? हात असनारांनी."

वकील केव्हा करावा, याविषयी त्यांचे स्वतंत्र शास्त्र होते. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. "इवाई," ते म्हणाले, "वकील लवकर केला की त्याला इकलं जायला येळ भेटतो. मुदतीच्या शेवटच्या हप्त्यात करायचा. जिनवाल्याला कळंस्तवर दावा आत." या शास्त्राला आधार एवढाच, की कोर्टात कडाकडा भांडलेले दोन वकील त्यांनी एकदा समोरच्या हॉटेलात एकच चहा अर्धा-अर्धा घेताना पाहिले होते. मी सांगितले की दवाखान्याचे कागद मिळवायला वेळ लागतो, साक्षीदार कामासाठी गाव सोडतात. त्यांनी उलट विचारले, "तुमाला जिनवाल्यानं काय देऊ केलंय?" त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मी हा विषय काढला नाही. व्याह्यांशी अबोला धरणे रीतीत बसत नाही, म्हणून हवापाण्याचे बोललो.

मुदतीला नऊ दिवस उरले आणि आंदोलनामुळे एसटी बंद पडली. व्याही वालूरहून चालत सेलूला माझ्या दारात आले.

"ऐन मुदतीच्या तोंडावर एसटी बंद. येतंय का ध्यानात?"

येत नाही, असे मी सांगितले. आम्ही रेल्वेने परभणीला निघालो. गाडीत त्यांनी बेत सांगितला. वकिलांकडे जायचे ते जिनवाल्याची माणसे म्हणून. "मी मुनीम. तुमी मालकाचे भाऊ. तुमचा कोट बरा हाय. तोंड तेवढं उघडू नगा." मग त्यांनी उजवा हात रुमालाखाली घेतला. मला मानवतची अडत आठवली.

पहिले तीन वकील तत्पर होते. एका फिटरचा हात गेला आहे, तो दावा टाकील, तो कसा उडवावा, एवढे विचारताच तिघांनीही एकच तोड सांगितली: जाळी त्यानेच काढली म्हणा, पुढचे आम्ही पाहतो. तिघांनी चहा पाजला. व्याही तो डाव्या हाताने प्याले आणि एकाच्याही ते लक्षात आले नाही. दर खेपेस पायऱ्या उतरताना ते "बगितलं?" म्हणत. दर खेपेस त्यांचा आवाज अधिक विजयी आणि चेहरा अधिक फिका होत गेला.

चौथे वकील वयस्क होते. ओट्यावर चष्मा पुसत बसले होते. व्याह्यांनी तेच गाऱ्हाणे चौथ्यांदा सांगितले, आणि या वेळी तोडही स्वतःच जोडली. "जाळी त्यानंच काढली म्हनावं, मंजी झालं."

वकील काच पुसत राहिले. मग म्हणाले, "मशीनला जाळी होती का?"

दोन वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी ऐकून घेतले होते; विचारले नव्हते.

"न्हवतीच की वो!" व्याही ओरडले, आणि बोलताना माणसाचे हात हलतात तसा तो हात रुमालाबाहेर आला. सपाट तळवा आणि कडेला एक करंगळी. वकिलांनी हाताकडे पाहिले, मग माझ्या कोटाकडे.

"हे मालकाचे भाऊ का?"

"न्हाई, आमचे इवाई हायेत. कारकून होते. त्यांच्याकडं ध्यान देऊ नगा."

"बरं. चहा सांगतो. अपघाताची तारीख कोणती?"

व्याह्यांनी तारीख सांगितली. वकिलांनी मनाशी काही मोजले, चहा बाजूला राहू दिला आणि आधी वकीलपत्र काढले. व्याह्यांनी त्यावर डाव्या हाताने, सावकाश, उर्दूत सही केली. न वाचता.

परतीच्या गाडीत मी विचारले, "कागद वाचला नाहीत?"

"त्यांनी जाळीचं इचारलं की," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

दावा मुदतीत दाखल झाला. उशीर मात्र नडलाच. जाळी नव्हती हे सांगणारे दोघे कामगार एव्हाना ऊसतोडीला निघून गेले होते. त्यांना शोधून साक्षीला उभे करण्यात तारखांमागून तारखा गेल्या. शेवटी भरपाई मिळाली. निकालात एक ओळ होती: सदर यंत्रावर संरक्षक जाळी नव्हती. ती ओळ त्यांनी मला वाचायला लावली, मग सुनेला, मग वालूरच्या मास्तरांना. तिघांचे वाचन जुळले. या वेळी संगनमताचा आरोप झाला नाही.

निकालाची नक्कल त्यांनी माझ्याकडे ठेवली. घरात उंदीर फार आहेत, असे कारण दिले. पुढे दर महिन्याला ते येत, नक्कल मागत, चष्मा लावत आणि त्या ओळीवरून उजव्या हाताची करंगळी फिरवत. मी ओळ बदललेली नाही याची खात्री पटली की "हाय" म्हणत, चहा घेत आणि जात. हा माझ्यावरचा विश्वास होता की पाळत, हे मला ठरवता आले नाही. विचारायचे राहून गेले.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. नक्कल माझ्याच कपाटात आहे. महिना भरला की मी ती काढतो, ओळीवरून बोट फिरवतो. हाय.