गाऱ्हाण्यातलं नाव

गाऱ्हाण्यात कुणाचं नाव घेत नाहीत. हा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही, पण आमच्या सिंधुदुर्गात शेंबडं पोरही तो मोडत नाही. आरती झाली की घरातला वडीलधारा माणूस हात जोडून गणपतीपुढे उभा राहतो आणि सगळ्यांच्या वतीने मोठ्याने मागणं मागतो. प्रत्येक मागण्यानंतर मागचे सगळे एका सुरात 'व्हय म्हाराजा' म्हणतात. भावाने घराची वाट अडवली असली तरी 'जो कोण आमचा वाईट चिंतत असात, तेका बुद्धी दी' एवढंच म्हणायचं. तो कोण हे देवाला ठाऊक असतं, गावालाही ठाऊक असतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच भावाकडे जेवायला जायचं असतं.

माझ्या बाबांनी लंडनजवळच्या पिनरमधल्या आमच्या घरात, गणपतीपुढे, नाव घेतलं. एका देशाच्या आरोग्यमंत्र्याचं.

त्या देशाचं नाव मी लिहिणार नाही. आफ्रिकेत आहे, एवढं पुरे. लंडनच्या उपनगरात, कुलूपबंद दारामागे बसूनसुद्धा लिहायची छाती होत नाही, आणि याचा मला संताप येतो. माझा जन्म तिथला. बाबा तरुणपणी सिंधुदुर्गातून वायरमन म्हणून तिकडे गेले आणि हळूहळू इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर झाले. आई तिथेच वारली. मी लग्न होऊन इकडे आले. 'माझा घर हयसर आसा' म्हणून बाबा तिथेच राहिले.

त्यांच्या तिथल्या गावच्या सरकारी हॉस्पिटलात बाळंतपणाचा नवा वॉर्ड बांधला, त्याचं वायरिंग बाबांनी केलं. इमारत झाली, रंग लागला आणि दाराला कुलूप लागलं. यंत्रं आणि नर्स पुढच्या बजेटमध्ये येणार होत्या. पुढच्या बजेटमध्ये राजधानीत परदेशी पाहुण्यांसाठी संगमरवरी अतिथिगृह आलं. त्याच्या पुढच्या बजेटमध्ये मंत्र्यांच्या नव्या गाड्या आल्या. वॉर्डाचं कुलूप गंजत राहिलं. बाबांच्या इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या मिस्त्रींची थोरली मुलगी, लहानपणी जिच्या वेण्या मी घालून द्यायची, ती अडली तेव्हा तिला टेम्पोत घालून राजधानीकडे नेलं. टेम्पो त्या वॉर्डासमोरूनच गेला. ती वाटेत गेली, बाळासकट.

हे सगळं बाबा वर्षानुवर्षं पोटात ठेवून होते. तिथे सगळेच ठेवतात. त्यांचं तोंड उघडलं ते इथे, आणि त्याचं कारण एक म्हातारी.

मी इथे कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोकरी करते. पैसे कमी पडले की काय बंद करायचं, यावर रहिवाशांच्या सभा भरवायचं माझं काम. खुर्च्या मांडायच्या, बिस्किटं ठेवायची आणि लोक काय ओरडतात ते टिपून घ्यायचं. गणपतीसाठी बाबा आले होते. घरात बसून कंटाळतील म्हणून त्यांना एका सभेला घेऊन गेले. लायब्ररी बंद करायचा विषय होता. चाकांची पिशवी ओढत एक म्हातारी पुढे आली आणि कौन्सिलरच्या नाकासमोर बोट नाचवत, त्याला नावाने हाक मारत, तिने त्याची अशी खरडपट्टी काढली की बिचारा लालबुंद झाला. 'फेअर पॉइंट' म्हणाला. मग म्हातारीने दोन बिस्किटं उचलली आणि बसस्टॉपकडे निघून गेली.

गाडीत बाबांनी विचारलं, "तिका आता काय करतले?"

"कोण काय करणार, बाबा? फार तर पुढच्या सभेला परत येईल."

घरी पोचेपर्यंत ते वाटेतला प्रत्येक बसस्टॉप निरखत होते. मला मात्र उगीच ऐट वाटत होती, जणू त्या म्हातारीला मीच पाळून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात आमच्याकडे गणपती बसला. दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आरती झाली आणि बाबा गाऱ्हाण्याला उभे राहिले. पोरांच्या परीक्षांसाठी मागून झालं, गुडघेदुखीसाठी झालं. "ज्यांच्या व्हिसाचा काम अडकला हा, त्यांचा सोडव रे म्हाराजा," यावर हशा पिकला आणि 'व्हय म्हाराजा' जोरात आलं. सगळे रंगात आले होते. तेवढ्यात बाबांचा आवाज बदलला.

"बा देवा म्हाराजा, थंय आमच्या गावात बाळंतिणींसाठी घर बांधून ठेवला हा आणि तेका कुलूप घातला हा. पैसे खंय गेले ता तुका ठावक आसा." मग त्यांनी मंत्र्याचं नाव घेतलं, आडनावासकट. "तेच्या खिशात ती चावी आसा. तेका लोकांसमोर उभो कर आणि जाब विचार रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही गरजलो. कुणी विचार केला नाही. शिंक आली की शिंकतो, तसं ते तोंडातून गेलं. सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

नवऱ्याने व्हिडिओ काढला होता. कौतुकाने फॅमिली ग्रुपवर टाकला. तिथून तो बाबांच्या गावी गेला आणि कुणीतरी खाली इंग्रजीत अर्थ घातला. विसर्जनाच्या दिवशी त्या देशातले कोण कुठले लोक, ज्यांनी मराठी कधी ऐकली नाही, त्या व्हिडिओखाली रोमन लिपीत 'व्हय म्हाराजा' लिहीत होते. नवरा हसत मला दाखवायला आला. त्या देशात वाढल्यामुळे मला एक गोष्ट कळत होती, जी त्याला कळत नव्हती. तिथे लोक सरकारला हसायला लागले की मग माणसं उचलली जातात.

मग पाहुण्यांचे फोन सुरू झाले. "अगं, जस्ट चेकिंग, माझा फेस दिसत नाहीये ना? आमचा इथल्या सेटलमेंटचा अर्ज पेंडिंग आहे गं." दुसरीला नुसता आवाज काढून टाकता येईल का ते हवं होतं. ज्यांचा तिकडे माल जातो ते एक गृहस्थ घरीच आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "काका ग्रेट आहेत, नो डाउट. पण ही बोलायची जागा होती का?" त्यांना हाकलून द्यावंसं वाटलं. हाकलता आलं नाही, कारण मीही मनातल्या मनात बाबांना तेच विचारत होते.

बाबांना मी विचारलं ते जास्त वाईट शब्दांत. "तिकीट पुढे ढकलू या. तुम्हाला पकडतील."

"पकडूंदेत."

"आणि त्याने काय होणार? मिस्त्रींची मुलगी परत येणार आहे का?"

ते बॅगेत कपडे भरत होते. हात न थांबवता म्हणाले, "तिच्या धाकट्या भैणीक दिवस गेलेत."

मी उरलेले कपडे त्यांच्या हातात देऊ लागले. हीथ्रोवर मी त्यांना सोडलं, आणि सिक्युरिटीच्या पलीकडे त्यांची पांढरी टोपी दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभी राहिले.

विमान उतरल्याचं स्क्रीनवर दिसलं. बाबांचा फोन आला नाही. मी ऑफिसात होते, सभा चालू होती, लोक कचऱ्याच्या डब्यांवरून भांडत होते. एक माणूस टेबलावर हात आपटत होता. मी टिपून घेत होते आणि डोळ्यांसमोर मात्र खिडकी नसलेली खोली येत होती. मन चिंती ते वैरी न चिंती. त्या टेबल आपटणाऱ्या माणसाचा मला इतका राग आला की कागद तसाच टाकून मी बाहेर गेले.

फोन आला तो दुसऱ्या दिवशी. "आयलंय घराक. चाय बरी दिल्यानी." त्यांना एका ऑफिसात बसवलं होतं. माणसं सुटाबुटातली, अगदी अदबशीर. गाऱ्हाण्याचं भाषांतर त्यांच्यासमोर होतं. मागे उत्तर देणारी ही संघटना कुठली, तिचा पुढारी कोण, असं विचारलं. बाबांनी सांगितलं, गणपती. तो राहतो कुठे, हेही विचारलं. हे सांगताना बाबा हसले आणि मीही हसले. मग ते म्हणाले, "पासपोर्ट ठेवून घेतल्यानी, तपासूक. आणि गो चेडवा, त्यांनी तुझो आवाज वेगळो काढून माका ऐकवल्यानी."

त्या दिवसापासून घरात बोलतानासुद्धा माझा आवाज खाली येतो. भाजीवाल्याशी, डॉक्टरशी, सगळ्यांशी. तिकडे दुकानासमोर एक गाडी उभी राहू लागली. फोनवर बाबा फक्त हवापाण्याबद्दल बोलत. मिस्त्रींच्या धाकट्या मुलीला बाबांनी दिवस भरायच्या आधीच राजधानीत नेऊन ठेवलं, म्हणून ती वाचली. वॉर्डाचं गंजलेलं कुलूप काढून नवं लावलं. सुधारणा म्हणायची तर तेवढीच.

यंदा गणपती आले, पण बाबा येऊ शकले नाहीत. पासपोर्ट अजून तपासतच आहेत. पाहुणे निम्मेसुद्धा नव्हते. जे आले त्यांनी दारात चपलांशेजारी ठेवलेल्या ताटात आपापले फोन ठेवले. कुणी सांगितलं नव्हतं, एकाने ठेवला म्हणून सगळ्यांनी ठेवला. नवऱ्याचा तेवढा फोन नारळाला टेकवून ठेवला होता आणि त्यात बाबा होते, दुकानातल्या खुर्चीवर, हात जोडून.

"काही बोलू नका हं," मी सकाळीच विनवलं होतं. "बरा," म्हणाले होते.

गाऱ्हाणं मला घालायचं होतं. परीक्षा, गुडघे, व्हिसा, सगळं सांगितलं. माझ्या बाबांना सुखरूप ठेव, म्हटलं. 'व्हय म्हाराजा' येत होतं, दबक्या आवाजात, देवळात कुजबुजल्यासारखं. मग शेवटाला, रीतीप्रमाणे, मी म्हटलं, "आणि जो कोण वाईट करत असात, तेका बुद्धी दी रे म्हाराजा."

लोकांनी उत्तर द्यायच्या आत नारळाजवळून बाबांनी ते नाव घेतलं. अगदी स्पष्ट, आडनावासकट.

कुणी तोंड उघडलं नाही. माझ्या मागे सगळी खोली माना खाली घालून उभी होती. फोनमधले बाबा स्क्रीनच्या जवळ सरकले, कानामागे हात धरून ऐकू लागले.

"लाइन गेली काय गो?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा. आम्ही आहोत इथे." बोट लाल बटणापाशी गेलं होतं, ते मी मागे घेतलं. मग त्यांच्याकडे बघत मी एकटीने, जेवढा निघाला तेवढ्या आवाजात, "व्हय म्हाराजा" म्हटलं.

त्यांनी मान हलवली, प्रसाद सगळ्यांना द्या म्हणाले आणि फोन ठेवला.

आज सकाळपासून त्यांचा फोन लागत नाही. नवरा म्हणतो, रेंज नसेल.